दाताखालचा खर्ज

माझी आत्या दात बनवायची. ती डॉक्टर नव्हती. डॉक्टर तोंडात बघून ठसा घेतात आणि तो ठसा ज्या खोलीत पाठवतात, त्या खोलीत आत्या बसायची. खाली चष्म्याचं दुकान, वर एका वकिलाची कचेरी, मधल्या मजल्यावर ही खोली. लांबलचक टेबलावर प्लास्टरचे जबडे नंबर टाकून ओळीने मांडलेले असायचे. बाजूला मेणाच्या वड्या, स्पिरिटचा दिवा आणि घासायचं छोटं मशीन. दिवसभर उडणाऱ्या पांढऱ्या पुडीने तिच्या भुवया चाळिशीच्या आतच पिकल्यासारख्या दिसायच्या. "लोक मला तोंड दाखवत नाहीत, नुसते दात दाखवतात," असं म्हणून ती स्वतःच हसायची.

त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत तिने कुठल्याही वाद्याला हात लावला नव्हता. मग एका वर्षी दंतवैद्यांच्या स्नेहसंमेलनात गाण्याचा कार्यक्रम ठरला. गायला चार डॉक्टर तयार होते, गिटारला दोन, ड्रमवर तर भांडण झालं. बेस गिटार मात्र कुणालाच नको होती. आत्या म्हणाली, "हिला चारच तारा दिसतायत. दुसरीला सहा असतात. म्हणजे सोपीच असणार." दोन महिन्यांत बोटांना फोड येऊन गेले आणि सोपं काही नसतं हे तिला कळलं. पण तोवर उशीर झाला होता, ती अडकली होती.

"बेस म्हणजे नक्की काय गं?" असं मी एकदा विचारलं होतं. खरं सांगायचं तर गाण्यात तो कुठे वाजतो हे मला ऐकूच येत नसे.

"दाढेसारखं आहे ते," ती म्हणाली. "हसताना दिसत नाही. पण काढून टाक, मग कळेल चावताना काय होतं ते."

स्नेहसंमेलन पार पडलं, डॉक्टर आपापल्या दवाखान्यात गेले आणि आत्याकडे ती बेस गिटार राहिली. वर्षभराने दुसरी आली. पहिलीची मान जाड आणि आपला पंजा लहान, हे कारण. तिसरीच्या मानेवर पट्ट्याच नव्हत्या, सूर स्वतः शोधायचा. चौथीला पाच तारा होत्या. पाचवीचं लाकूड वेगळं होतं. सहावी हुबेहूब दुसरीसारखी होती, फक्त निळी.

"निळा आवाज कसा असतो?" आतोबांनी विचारलं. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढायचे. बोलायचे कमी, पण बोलले की नेमकं.

आत्याने निळी मांडीवर घेतली, एक तार छेडली. "ऐकलात?"

"हो."

"मग?"

"दुसरीसारखाच आहे."

"तुम्हाला नाही कळायचं."

अकरा वर्षांत अकरा झाल्या. पाच भिंतीवर, दोन दारामागे, तीन पलंगाखाली आणि एक माळ्यावर जुन्या रजयांमध्ये. आतोबांनी एका रविवारी घराचा नकाशा काढला, खात्याच्या पद्धतीप्रमाणे मोजमाप टाकून, आणि प्रत्येक वाद्याच्या जागी लाल ठिपका दिला. खाली सूचना लिहिली: 'रहिवाशांसाठी उपलब्ध जागा रेखांकित केलेली नाही.' आत्याने तो नकाशा कौतुकाने फ्रिजवर लावला आणि बाराव्या वाद्याच्या जाहिराती वाचायला घेतल्या.

अशी ती एकटीच नव्हती. तिच्यासारखे सहा जण दर रविवारी सकाळी एका मुद्रकाच्या कागदाच्या गोदामात जमायचे. स्वतःला 'खर्जवाले' म्हणवायचे. त्यांत एक पशुवैद्य होता. त्याच्याकडे तेवीस बेस होते आणि त्यातल्या एकाचं खोकं अजून उघडलेलंही नव्हतं. कुणी नवं वाद्य आणलं की बाकीचे ते हातात घेऊन तोलायचे, वास घ्यायचे, मानेवरून अंगठा फिरवायचे, लाकडावर तासभर वाद घालायचे. वाजवायची वेळ आली की कुणाला तरी घरी जायचं असायचं. घेतलेल्या प्रत्येक वाद्याला तिथे 'शेवटचा' म्हणत. "हा माझा सातवा शेवटचा," असं मुद्रक गंभीर चेहऱ्याने सांगायचा आणि कुणी हसायचं नाही.

मी एकदा आत्याला सरळ विचारलं, की एवढ्यांचं करतेस काय? ती म्हणाली, "नवा आणला की आठवडाभर मी रोज वाजवते. खूप छान वाजवते. मला वाटतं, आता मी अशीच राहणार. नऊ दिवसांनी बघते तर पुन्हा तीच जुनी मी. मग वाटतं, चूक वाद्याचीच होती."

एवढं स्पष्ट कळूनही ती थांबली नव्हती, हेही सांगायला हवं. कळणं आणि थांबणं ही दोन वेगळी खाती आहेत.

तिला एक वाद्य सहा वर्षं हवं होतं. कधीच बंद पडलेल्या एका छोट्या कारखान्याने अशी काही डझन वाद्यं बनवली होती. गडद तपकिरी, वरचं शिंग लांब. शिंग म्हणजे मानेच्या दोन्ही बाजूंना लाकडाची जी टोकं पुढे येतात ना, त्यातलं वरचं. एका शुक्रवारी तिने मला फोन केला. जाहिरात आली होती, आपल्याच शहरात, आणि देणाऱ्याला जागा मोकळी करायची घाई होती. "उद्या गाडी काढशील?" तिचा आवाज लग्न ठरल्यासारखा झाला होता.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार एका चाळिशीच्या बाईने उघडलं. गळ्यात मोजायची टेप आणि ओठांत दोन टाचण्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, त्याच्याभोवती दुरुस्तीला आलेल्या कपड्यांचे गठ्ठे. नवरा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर. घरात ही आणि सासरे. जाहिरात तिनेच दिली होती. "बाबांना ऐकू येत नाही," टाचण्या काढून ती म्हणाली. "तुम्ही काय विचारायचं ते पाटीवर लिहा. मी लिहून लिहून कंटाळले, आता हातवाऱ्यांवरच चालतं आमचं."

आतल्या खोलीत खिडकीपाशी म्हातारबाबा बसले होते. ऐंशीला आलेले, लांब हातांचे. ते निवृत्त लिफ्ट मेकॅनिक, हे सुनेने सांगितलं. "आयुष्यभर जगाला वर नेलं आणि स्वतः जिने चढतोय," ते मोठ्याने म्हणाले. त्यांना आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नव्हतं. बोलताना वरची कवळी सुटून खाली यायची आणि ते ती जिभेने पुन्हा वर ढकलायचे. तरुणपणी संध्याकाळी एका नाचघरात ते बेस वाजवायचे. पन्नास वर्षं, हेच एक वाद्य.

सुनेने ते कपाटातून काढून आत्याच्या मांडीवर ठेवलं. आत्याने आधी मानेवरून अंगठा फिरवला. मान सरळ होती. तारा जुन्या पण लाकूड शाबूत. मग तिचा हात वरच्या शिंगावर गेला आणि तिथेच थांबला. तिथलं पॉलिश पार गेलं होतं आणि लाकडात खाचा पडल्या होत्या.

सून ओशाळली. "ते उंदरांनी कुरतडलंय बहुतेक. म्हणूनच तर मी…"

"उंदीर नाहीत हे," आत्या म्हणाली. तिने चष्मा लावला आणि शिंग उजेडात धरलं. "हे वरचे पुढचे दोन. हा डावा सुळा. जरा बाहेर वळलेला होता." तिने मान वर करून म्हातारबाबांकडे बघितलं. मग पाटी घेतली आणि लिहिलं: 'काका, हे तुम्ही चावलंत?'

बाबांनी पाटी वाचली आणि चोरी पकडलेल्या लहान मुलासारखे हसले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. पन्नाशीत ऐकू येईनासं झालं. कानातली छोटी हाडं आखडली होती, पण आतली नस शाबूत होती, असं डॉक्टर म्हणाले. कानाला मशीन लावलं, माणसांचं बोलणं थोडं कळायला लागलं, पण खर्ज त्यातून यायचा तो रिकामा डबा बडवल्यासारखा. नाचघर सुटलं. मग एक दिवस ते एका इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या मोटारीखाली आडवे पडून काम करत होते. दोन्ही हात अडकलेले, म्हणून स्क्रूड्रायव्हर दातांत धरला होता. त्याचं टोक मोटारीच्या लोखंडी चौकटीला टेकलं. "आणि मोटार माझ्या डोक्यात बोलायला लागली," बाबा म्हणाले. "स्वच्छ. कानाने कधी ऐकली नव्हती एवढी स्वच्छ. काम तसंच टाकून घरी आलो. हिला उभी धरली, शिंग दातांत घेतलं आणि खालची तार छेडली."

त्यांनी सुटलेली कवळी जिभेने पुन्हा वर ढकलली.

"बायको म्हणाली, रडायला काय झालं? तिला काय सांगणार, तोंडात वाद्य होतं."

त्यानंतर पंचवीस वर्षं ते असेच वाजवत राहिले, रोज, ह्याच खिडकीत, स्वतःपुरतं. गेल्या वर्षी वरचे उरलेले तीन दातही काढावे लागले आणि कवळी आली. आता शिंग चावलं की कवळी हलायची, तिचाच खडखड आवाज यायचा. "मुकं जनावर घरात ठेवून काय करू? ज्याला ऐकू येतं त्याच्याकडे जाऊ दे."

मी आत्याकडे बघत होते. सहा वर्षं जे हवं होतं ते तिच्या मांडीवर होतं. तिने ते हळूच पलंगावर ठेवलं, मोरीत जाऊन साबणाने हात धुतले आणि येऊन म्हणाली, "काका, आ करा बघू."

अंगठ्याने कवळी दाबून बघितली. ती होडीसारखी डुलत होती. दात काढल्यावर हिरडी वर्षभर आक्रसत जाते आणि कवळी मात्र आहे तेवढीच राहते, हे तिने सुनेला समजावलं. बाबांना कुणी परत दाखवायला बोलावलंच नव्हतं, किंवा बोलावलं असेल तर त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

"महिनाभर थांबा," आत्या सुनेला म्हणाली. "मला एक करून बघायचंय. नाही जमलं तर हे मीच घेईन. तोवर दुसऱ्या कुणाला दाखवूसुद्धा नका."

सुनेचा चेहरा पडला. कपाटातल्या त्या जागी तिला कापडं ठेवायला फळ्या ठोकायच्या होत्या. पण सासऱ्यांकडे बघून तिने मान हलवली.

जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर आत्या पायरीवरच बसली. "मी वेडी आहे का गं?"

"जरा."

"शेवटचं वाक्य मी का बोलले माहितेय? 'दुसऱ्या कुणाला दाखवू नका'? ते त्यांच्यासाठी नव्हतं. ते माझ्यासाठी होतं." गुडघ्यांवर हात ठेवून ती उठली. "असू दे. दोन्ही खरं आहे."

आत्याच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या जबड्याचा नव्याने ठसा घेतला. कवळीच्या टाळूला आत्याने नेहमीच्या गुलाबी प्लास्टिकऐवजी धातूचा पातळ पत्रा घ्यायचं ठरवलं. धातू ताठ असतो, थरथर गिळत नाही, असा तिचा हिशेब. पण हिशेबावर तिचा विश्वास नव्हता. ती घरी एकेक बेस भिंतीवरून काढून स्वतःच्या दातांनी चावून बघायला लागली. कान बोळ्यांनी बंद, डोळे मिटलेले, तोंडात शिंग. आतोबा ऑफिसातून आले, दारातच थबकले आणि म्हणाले, "वाजवून झाल्या, आता खायला घेतल्यास?"

ती कवळी तिने तीनदा मोडून केली. एवढा वेळ तिने कुठल्याच जबड्याला दिला नव्हता. ह्या जबड्याला चेहरा होता म्हणून असेल.

बसवायच्या दिवशी मीही गेले. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून आम्ही बाबांना घरी आणलं. तीन मजले थांबत थांबत चढलो. बाबांनी खिडकीपाशी बसून वाद्य उभं धरलं, शिंग ओठांशी नेलं आणि थांबले. सुनेने मशीनवरचा पाय काढला. बाबांनी शिंग चावलं आणि खालची तार छेडली.

आम्हाला ऐकू आलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आत्याने माझा हात इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. त्यांनी पुन्हा छेडली. मान जराशी तिरकी केली, सुळा जिथे असायचा तिथे भार दिला, तिसऱ्यांदा छेडली. मग डोळे उघडून शिंग सोडलं.

"शेजारच्या खोलीतून येतंय," ते म्हणाले. "पूर्वी मी त्याच खोलीत असायचो. आता भिंत आहे मध्ये." मग म्हणाले, "पण येतंय. येतंय हो."

मग त्यांनी अर्धा तास वाजवलं. आत्या जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. परत येताना गाडीत ती फक्त एवढंच म्हणाली, "मला वाजवता येत नाही. अकरा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

वाद्य अर्थातच विकलं गेलं नाही. आत्या दर शनिवारी दुपारी तिकडे जायला लागली आणि जाताना आपला एकेक बेस घेऊन जायची. बाबा आधी तो चावून बघायचे, अगदी आंबट की गोड ते ठरवायचं असल्यासारखे, मग निकाल द्यायचे. सगळ्यात महागड्याला म्हणाले, "हा बोलत नाही, नुसता खाकरतो." निळीला म्हणाले, "ही बरी आहे, पण लाजते." पाच तारांच्या धुडाबद्दल म्हणाले, "ह्याला सांग, जरा हळू बोल, मी बहिरा नाही." आणि स्वतःच खो खो हसले. निकाल झाला की पाटीवर सूर लिहून द्यायचे आणि आत्याला त्या वाद्यावर आठवडाभर तेवढंच घोटायचं असायचं.

एकदा आत्याने पाटीवर विचारलं, 'तुम्हाला दुसरं घ्यावंसं कधीच वाटलं नाही?'

"वाटलं की! घेतलंही होतं. लाल होतं. तीन महिन्यांत विकलं."

'का?'

"दोन्हींवर नवशिक्या झालो ना." मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं असावं, कारण घाईने म्हणाले, "ते माझं झालं. माझं डोकं एकाच गोष्टीएवढं आहे. तू जमव. बघायला छान दिसतात. त्यात पाप थोडंच आहे?"

आत्याला ते उत्तर पुष्कळ दिवस पुरलं. अकरा शनिवार संपेपर्यंत तिला कुठलं वाद्य आपल्याशी बोलतं आणि कुठलं नुसतं आपण घरात ठेवलंय, हे कळलं होतं. सहा तिने देऊन टाकले. दोन एका शाळेला दिले. एक डॉक्टरीणबाईंना गेला. तीन खर्जवाल्यांकडे, तेही आनंदाने, कारण त्यांचे 'शेवटचे' अजून संपायचे होते. पाच ठेवले. एकच ठेवायला हवा होता असं मला वाटायचं, गोष्टीत तसंच शोभलं असतं. ती म्हणाली, "पाच बोटं आहेत ना मला? मग पाच."

दोन वर्षांनी बाबा गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या, त्रास न होता. फोन सुनेनेच केला. आम्ही जायला निघालो तेव्हा गाडीत आत्या एकदम म्हणाली, "तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. तिने 'बाबा गेले' म्हटलं आणि माझ्या मनात पहिला विचार वाद्याचा आला. माणसाचा दुसरा." तिने चष्मा काढून पदराने पुसला, पण घातला नाही, हातातच ठेवला.

महिन्याभराने तिने धीर करून सुनेला विचारलं, वाद्याचं काय ठरवलंस म्हणून. सून मशीनवर वाकून दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, राग मानू नका. मी ठेवतेय. मला शिकवाल का?"

"तू?"

"दोन वर्षं शिवता शिवता ऐकत होते. तुम्ही चुकायचात तेव्हा माझा पाय मशीनवर आपोआप थांबायचा." मग तिने घाबरून वर बघितलं, की जास्तच बोललो का आपण.

आत्याने मला नंतर सांगितलं, की आधी वाटलं, गेलं हातचं. आणि पाठोपाठ इतकं हलकं वाटलं की तिला खुर्ची ओढून बसावं लागलं. तिने सुनेची बोटं हातात घेऊन बघितली. सुईने टोचून टोचून टोकं कडक झालेली होती, फोड यायचा प्रश्नच नव्हता.

"आधी पाय काढ त्या मशीनवरचा," आत्या म्हणाली. "आणि इकडे खिडकीत ये, उजेडात."